फुलाबाईंची पानपारख

फुलाबाई वेळीप यांची व प्रस्तुत लेखिकेची ओळख प्रौढांच्या वाचन-लेखन वर्गात झाली. हा वर्ग कॅसलरॉकच्या अलीकडच्या एका वाडीत, शाळेच्या पडवीत, संध्याकाळची गाडी निघून गेल्यावर भरत असे, कारण गाडी जाईपर्यंत गुरुजींचा शब्द कोणाच्या कानी पडत नसे. लेखिकेला ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेद काही केल्या कळत नव्हता. शेजारी बसलेल्या फुलाबाईंनी पाटी ओढून घेतली, दोन्ही अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि त्या म्हणाल्या, “अगं बाय, पोटाकडं काय बगतीस? टोक बग. ह्याचं डोस्कं झाकल्यालं हाय. ह्याचं उघडं हाय, वर शेंडी वळलीया. झालं!” त्या दिवसापासून लेखिकेची ती चूक कायमची बंद झाली. फुलाबाईंनी मात्र थोड्याच दिवसांत वर्ग सोडला. अक्षरांना फुले येत नाहीत, मग ती ओळखून करायचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. गुरुजींनी हसून त्यांना निरोप दिला.

टोक पाहणे हा फुलाबाईंचा जन्माचा छंद आहे. जोयड्याच्या रानात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, मातीत मूळ न रोवता, एका जातीची झाडे वाढतात. पुस्तकांत त्यांना ऑर्किड अथवा आमरी म्हणतात. फुलल्यावर त्यांच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. एरवी वर्षातील बहुतेक महिने ती म्हणजे नुसता पानांचा झुपका असतो, व लोक त्यांना सरसकट बांडगूळ म्हणून मोकळे होतात. हा शब्द कानी पडला की फुलाबाई हातातले काम टाकतात.

“बांडगूळ झाडाचं रगत पितंय,” असे त्या बजावतात. “ही नुसती बसायला जागा मागती. पावण्यागत. पावण्याला कोन चोर म्हनतं व्हय?”

फूल येण्याआधी, केवळ पानावरून, हा पाहुणा कोणत्या घरचा हे सांगणे ही त्यांची विद्या. ही विद्या त्यांना आईकडून मिळाली, आणि तिचा त्यांना गर्व आहे. तो त्यांनी कधी लपवून ठेवला नाही. शिसपेन्सिलीसारखी गोल पाने दिसली की त्या म्हणतात, हिचे फूल काळपट येणार, डोक्यात माळण्याच्या कामाचे नाही. कमरेच्या पट्ट्यासारखी लांब, जाड पाने बुडापासूनच फुटलेली दिसली की म्हणतात, हिचा तुरा खाली लोंबणार. आणि सर्वांत मानाची ती सीतेची वेणी. वैशाखात तिचा गुलाबी-पांढरा घोस वेणीसारखा खाली सुटतो. तिच्या पानाचे टोक कधी सरळ नसते. उंदराने कुरतडून अर्ध्यावर सोडून दिल्यासारखे ते वेडेवाकडे असते. शिवाय पान मध्ये पन्हळीसारखे खोल असते व त्यावर लांबलचक फिकट रेघा असतात. टोक, पन्हळ आणि रेघा, अशा तिन्ही खुणा जुळल्याशिवाय नाव घेऊ नये, अशी त्यांच्या आईची शिकवण होती.

त्यांचा आणखी एक नेम आहे. झाडावरची आमरी त्या कधी उपटत नाहीत. वाऱ्याने फांदी मोडून खाली आली, तरच तिच्यावरचे झाड उचलावे आणि घरामागच्या परड्यात काथ्याने बांधून त्याला आसरा द्यावा. त्यांच्या परड्यातला फणस अशा निराश्रितांनी भरलेला आहे. यजमान नागूदादा त्या फणसाला ‘धर्मशाळा’ म्हणतात.

मागल्या दिवाळीच्या सुमारास नागूदादांनी रानातून एक मोडलेली फांदी खांद्यावर घालून आणली. तिच्यावर जाड, रुंद पानांचा एक झुपका होता. फुलाबाई शेतावर होत्या. नागूदादांनी फांदी जळणाच्या राशीवर ठेवली आणि काथ्या शोधायला गेले. काथ्या वळचणीलाच होता, परंतु वाटेत त्यांना तंबाखू सापडला, त्यामुळे शोध लांबला. दिवेलागणीला फुलाबाई परतल्या तेव्हा अंगणात वाडीतल्या बायका टेकल्या होत्या. त्यांत त्यांची नणंद तुळजाक्काही होती. तिचे घर परड्याच्या पलीकडेच आहे.

“वैनी, आनखी येक बांडगूळ आलं गं तुज्या धर्मशाळंत,” तुळजाक्का म्हणाली.

बायका हसल्या. फुलाबाईंना तेवढे पुरे होते. त्यांनी सर्वांसमक्ष डोळे मिटले, पानाच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि क्षणभरही न थांबता सांगितले, “कुरतडल्यागत हाय. सीतेची येनी!”

“डोळं झाकून?”

“डोळं उघडून तर तू बी सांगशील, अक्का.”

बायका वाहवा म्हणाल्या. पन्हळ आणि रेघा पाहायच्या राहूनच गेल्या.

फणसावर त्या झुपक्याला मानाची जागा मिळाली. रोज सकाळी फुलाबाई त्यावर पाणी शिंपडत. रेघा दिसत नाहीत हे एकदा त्यांच्या डोळ्यांना जाणवले होते, पण मनाने सांगितले की धूळ बसली असेल. मनात एकदा सीता बसली की डोळे तिचीच बाजू घेतात.

पुढे माघात उळवीची जत्रा झाल्यावर त्यांच्या नातीचा, मयूरीचा, साखरपुडा ठरला. मुलगा रामनगरचा, घरचे कापडाचे दुकान. मुलाची आई शकुंतलाबाई मूळ खानापूरकडची, बोलण्यात चोख आणि व्यवहारात त्याहून चोख. साखरपुड्याच्या दिवशी चहा घेताघेता त्या म्हणाल्या, “लग्नात मुलीच्या केसांसाठी गजरे आम्ही बेळगावहून मागवतो. तुम्ही काळजी करू नका.”

ते वाक्य चांगल्या मनाने बोललेले होते. परंतु फुलाबाईंच्या कानाला ते असे लागले की जणू या रानात फुलेच नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

“गजरं कशाला, विहीनबाई? आमच्या मयूरीच्या केसात आमच्या परड्यातली सीतेची येनी आसनार.”

“अरे वा! कुठं आहे?”

सर्व मंडळी फणसाखाली गेली. शकुंतलाबाईंनी चष्मा वर सरकवून झुपका न्याहाळला.

“ही तर नुसती पानं आहेत.”

“फुलावरनं काय, भुंगा बी वळकतो. मानसानं पानावरनं वळकायचं आसतंय.”

“आणि ऐन वेळी नाही फुललं, तर?”

“तर माज्या तोंडातनं परत कंच्या पानाचं नाव यायचं न्हाई.”

मयूरीला आजीचा कोण अभिमान वाटला. तिने तिथल्या तिथे जाहीर केले, “मला गजरा नको. आज्जीचं फूलच माळणार. नाहीतर काहीच नको.”

शकुंतलाबाईंच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या. डोक्यात फूल नसलेली नवरी मांडवात उभी राहणे ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. परंतु फुलाबाईंच्या मनाला शंका शिवली नाही. परत निघताना शकुंतलाबाई फणसाकडे वळून पाहत होत्या, हे पाहून त्यांना आनंदच झाला.

चैत्र आला. रोजच्या पाण्याने झुपक्याच्या मध्यातून एक नवे पान वर आले, कोवळे व पोपटी. फुलाबाईंनी कौतुकाने त्याच्या टोकाला अंगठा लावला, आणि अंगठा तेथेच थबकला. टोक कुरतडलेले नव्हते. मधोमध नीट चिरलेले होते व दोन्ही बाजूंना सारखे गोल होते, शेळीच्या खुरासारखे. त्यांनी पदराने पान पुसले. रेघ एकही नाही. खालची जुनी पाने पुसली, त्यांवरही नाही. पन्हळही नावापुरतीच. जुन्या पानांची टोके तेवढी वेडीवाकडी, जणू कोणी घाईघाईने जेवून उठले आहे.

एकाच झाडाची जुनी पाने एक बोलतात आणि नवे पान दुसरेच बोलते, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. त्या फणसाखाली बसून राहिल्या. समोर तुळजाक्काची शेळी, चांदी, कुंपणाच्या फटीतून आत आली, जळणाच्या राशीवर चढली आणि एखाद्या मालकिणीसारखी चहूकडे पाहू लागली. ती रास कोणती, हे फुलाबाईंना आठवले. दिवाळीच्या त्या संध्याकाळी फांदी नेमकी तेथेच पडून होती.

मनातला संशय त्यांनी आपल्या रीतीने तपासला. झुपक्याखाली एक पिवळे पडलेले जुने पान आपोआप गळून पडले होते. ते उचलून त्यांनी शेजारच्या दुसऱ्या आमरीचे एक अखंड गळालेले पानही घेतले आणि ते अखंड पान चांदीपुढे धरले. चांदीने त्याचा वास घेतला, मान वाकडी केली व टोकाचा एक घास तोडला. फुलाबाईंनी पान झटकन ओढून घेतले आणि दोन्ही टोके एकमेकांशेजारी धरली. सख्ख्या बहिणींत इतके साम्य नसेल!

“वैनी!” कुंपणापलीकडून तुळजाक्काचा आवाज आला. “माज्या शेळीला निवद दाखवतीस व्हय?”

फुलाबाईंनी पाने पाठीमागे लपवली. परंतु तुळजाक्का तोवर आत आली होती. नणंदेपासून काही लपले असे त्या घराच्या इतिहासात घडलेले नाही. अखेर फुलाबाईंनी दोन्ही पाने पुढे केली आणि सर्व हकिगत सांगितली.

तुळजाक्का इतकी हसली की तिला फणसाला धरून उभे राहावे लागले.

“म्हंजे तू डोळं झाकून वळाकलंस, ते माज्या चांदीचं दात!”

“हास, हास. उद्या मांडवात बी हाशील.”

तो शब्द ऐकून तुळजाक्काचे हसू थांबले. मयूरी तिचीही नात होती.

“मग ही कोन म्हनायची?” तिने विचारले.

“ही पावसातली. खुरागत टोक आसलं की फूल गुलाबी येतंय, वर जांभळं ठिपकं. लई देखनी. पन वैशाखात फुलायची न्हाई. आखाडात फुलती.”

“लगीन तर वैशाखात.”

“तेच तर.”

मग तुळजाक्काने कामाची गोष्ट काढली. “आसं करू. फुलाचा तुरा आलावता, वांदरानं खाल्ला, आसं सांग. वांदर काय साक्षीला येतंय?”

फुलाबाईंना ती युक्ती आवडली, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. त्या दिवशी भात वाढताना त्या मनाशी वानराची गोष्ट जुळवीत होत्या. तांबड्या तोंडाचे असावे की काळ्या, इथपर्यंत ती गोष्ट पोहोचली होती. नागूदादांनी विचारले, “कसला इचार चाललाय?” तेव्हा त्यांनी वानराची गोष्ट सांगून पाहिली, पटते का ते कळावे म्हणून.

नागूदादांनी घास चावून संपवला. “चांगली हाय,” ते म्हणाले. “पन आखाडात ती फुलली की समद्यांस्नी दिसंल, सीतेची येनी न्हाई ती. मग त्या वांदरानं तुरा खाल्ला आनि झाड बी बदलून ठेवलं म्हनायचं का?”

वानर तेथेच संपले. लग्नाला अजून अवकाश होता, तोवर सांगितले तर मयूरीचा हट्ट तरी सोडवता येईल, हे फुलाबाईंना उमगले. आपले नाव जाणार होते, ते जाऊ दे. पण नात मांडवात बिनफुलाच्या केसांनी उभी राहता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या रामनगरला निघाल्या. सोबत तुळजाक्का होती, कारण शेळी तिची होती, आणि पदराच्या गाठीला दोन पाने होती.

दुकानात गिऱ्हाईक होते. शकुंतलाबाई साड्यांच्या घड्या घालत होत्या. मयूरीही मापाचे ब्लाउज द्यायला आदल्या दिवसापासून रामनगरलाच आलेली होती, त्यामुळे जे सांगायचे ते एकदाच सांगावे लागणार होते, आणि ते नेमके तिच्यासमोर. फुलाबाईंनी गाठ सोडली, पाने साड्यांवर ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलल्या.

“विहीनबाई, माजी चूक झाली. परड्यातली ती सीतेची येनी न्हवं. पानाचं टोक शेळीनं खाल्लंवतं. मी न बगता नाव घेतलं. लग्नात फूल यायचं न्हाई.”

शकुंतलाबाईंनी चष्मा वर सरकवला, एक पान उचलले, दुसरे उचलले.

“यातलं शेळीनं खाल्लेलं कुठलं?”

“दोनी,” तुळजाक्का अभिमानाने म्हणाली. “आमच्याच चांदीनं.”

आधी गिऱ्हाईक हसले, मग मयूरी, आणि अखेर शकुंतलाबाईंना पदर तोंडाला लावावा लागला. फुलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या नातीकडे पाहत होत्या.

“पोरी, गजरा घाल गं. माज्यापायी हट नगं करूस.”

मयूरीने मान खाली घातली. “मी सगळ्या मैत्रिणींना सांगितलंय, आज्जी, की माझ्या केसांत सीतेची वेणी असणार.”

“त्यास्नी शेळीचं सांग. त्या बी हासतील.”

शकुंतलाबाईंनी घडी बाजूला ठेवली. “थांबा. ही सीतेची वेणी नाही, मग आहे कोण?”

“पावसातली येनी. गुलाबी, ठिपक्यांची. आखाडात फुलती.”

“खात्रीनं?”

फुलाबाईंनी तुळजाक्काकडे पाहिले. “शेळी बांदली हाय न्हवं?”

“दाव्याला हाय.”

“मग खात्रीनं,” फुलाबाई म्हणाल्या. “नवं पान बगितलं. रेघ बगितली. पन्हळ बगितली. ह्या टायमाला डोळं उघडं हुतं.”

शकुंतलाबाई विचारात पडल्या. त्यांचा विचार नेहमीप्रमाणे व्यवहाराच्या वाटेने गेला. “आखाडात नवी सून तशीही माहेरी यायची असते,” त्या म्हणाल्या. “तेव्हा फुलेल तर तेव्हा माळेल. लग्नात बेळगावचा गजरा. तुमचं नाव आखाडापर्यंत राखून ठेवू, आजी. पुसू नका आत्ताच.”

“आनि आखाडात न्हाई फुलली तर?” तुळजाक्काने उगाच विचारले.

“तर शेळी आमची,” शकुंतलाबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून तुळजाक्काही त्या झुपक्याला पाणी घालू लागली.

लग्न वैशाखात यथासांग पार पडले. लग्नाच्या छायाचित्रात मयूरीच्या केसांत मोगऱ्याचा भरगच्च गजरा दिसतो. नीट पाहिले, तर गजऱ्याच्या कडेला एक पिवळसर, टोक खाल्लेले पानही खोचलेले दिसते. ते तिने आजीकडून मागून घेतले होते. मैत्रिणींनी विचारले, तर ती सांगे, “हे आज्जीचं फूल आहे. अजून उमलायचंय.”

ज्येष्ठ ओलाचिंब गेला. आषाढ लागताच मयूरी माहेरपणाला आली. फुलाबाई रोज झुपक्याच्या पानांच्या बगला चाचपत, पण कोणी पाहत नाही अशी खात्री करून. एके सकाळी बगलेतून एक हिरवा कोंब पुढे आलेला दिसला. त्यांनी कोणाला सांगितले नाही. दुसऱ्यांदा पानाचे नाव चुकले असते, तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. कोंब लांबला, वाकला, त्याला कळ्या धरल्या. तरीही त्या गप्पच राहिल्या. शेवटी तुळजाक्कानेच कुंपणापलीकडून आरोळी ठोकली, “वैनी, अगं बग की! तुज्या बांडगुळाला ठिपकं आल्यात!”

गुलाबी फुलांचा तो घोस होता व त्यावर जांभळे ठिपके होते. त्याचा सुगंध पावसाच्या हवेत परडेभर दरवळत होता. बांडगूळ हा शब्द कानी येऊनही फुलाबाई काही बोलल्या नाहीत, इतके त्यांना भरून आले होते. घोस तोडायचा की नाही, हा वचन देताना न सुचलेला प्रश्न मात्र आता पडला, कारण आपोआप गळेल तेच घ्यायचे हा त्यांचा नेम. नागूदादांनी तोडगा काढला. “नेम रानातल्या झाडाला,” ते म्हणाले. “ही तर धर्मशाळंतली. येवडं दीस राहिली, येक घोस भाडं दिऊ दे.”

फुलाबाईंनी स्वतःच्या हाताने तो घोस मयूरीच्या वेणीत गुंफला. महिना सरता सुनेला न्यायला शकुंतलाबाई आल्या, तेव्हा दुसरा घोस फणसावर लोंबत होता. त्यांनी चष्मा वर सरकवून फूल पाहिले, मग पान पाहिले, मग पानाच्या टोकावरून स्वतःचा अंगठा फिरवला.

“खुरासारखं,” त्या म्हणाल्या.

“डोळं उघडं ठिवून म्हना,” फुलाबाई म्हणाल्या.

चांदी त्या वेळी दाव्याला बांधलेली होती. अजूनही असते. मयूरीकडे रामनगरला आता एका आंब्यावर फुलाबाईंनी दिलेली अशीच एक आमरी आहे. तिचे नाव अजून ठरलेले नाही, कारण तिला नवे पान आलेले नाही व नव्या पानाशिवाय फुलाबाई तोंड उघडत नाहीत.

वर्गात गुरुजींनी प्रत्येकास आपल्या ओळखीच्या एका माणसाविषयी लिहिण्यास सांगितले, तेव्हा प्रस्तुत लेखिका फुलाबाईंची परवानगी घेण्यास गेली. त्या फणसाखाली काथ्या वळत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितले, “लिव्ह की. पन लिवतीस तर शेळीचं बी लिव्ह.”